सीडी उतरवली, पण सही कोणाची?

स्टील, बियाणं आणि मोसंबी यांच्यामुळे जालन्याचं नाव व्यापाऱ्यांना माहीत आहे. वकिलांना ते माहीत आहे काही सीडींमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १४ जुलै २०२० रोजी ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या प्रकरणात निकाल दिला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा विषय निघाला की देशातल्या कुठल्याही कोर्टात आजही त्या निकालाचा दाखला निघतो.

प्रकरण आपल्याच गावचं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात खोतकर २९६ मतांनी निवडून आले. अर्ज भरायचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर, मुदत दुपारी तीनची. अर्ज तीननंतर दाखल झाला, असा विरोधी बाजूचा आक्षेप. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात आणि बाहेर कॅमेरे लावलेले होते, म्हणजे काय घडलं ते चित्रीकरणात असणारच. उच्च न्यायालयानं सगळी कागदपत्रं आणि चित्रीकरण मागवलं. सीडी-व्हीसीडी आल्या, त्यातला मजकूर लिहून काढला गेला. पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे जे प्रमाणपत्र सोबत लागतं, ते मात्र काही केल्या येईना. ‘रेकॉर्डला होत्या त्या सीडी हजर केल्या आहेत’ एवढ्या अर्थाचा कागद आला. ही नक्कल कुठल्या यंत्रातून निघाली, कशी निघाली, त्या यंत्राचा कारभार कोणाकडे होता, हे सांगून सही करणारा कोणी पुढे आला नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र लागणारच. मात्र ज्यानं ते मिळवायला सगळे दरवाजे ठोठावले आणि तरी मिळालं नाही, त्याला त्यासाठी शिक्षा करता येणार नाही. सीडी सोडून इतर पुरावाही होताच. अपील फेटाळलं गेलं.

यातलं राजकारण बाजूला ठेवा. कोण जिंकलं, कोण हरलं, यावर चहाच्या टपऱ्यांवर बोलून झालं आहे. मला त्यातली एकच गोष्ट सतावते. सीडीवरून कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरून सीडीवर माल उतरवणं हे आपल्याकडे शिपायानं किंवा ‘त्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं’ करायचं काम समजलं जातं. उतरलं की नाही हे बघायचं कोणी आणि ‘मी बघितलं’ म्हणून सही करायची कोणी, हे ठरलेलंच नसतं.

माझं दुकान जुन्या जालन्यात, गांधी चमनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सुरुवात डीटीपीनं झाली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. नंतर दुरुस्ती आली आणि मग सीडी रायटिंगचा सुगीचा काळ. लग्नसराईत रायटरला थंड व्हायला उसंत मिळायची नाही. आता त्याच सीडी परत येतात. घनसावंगीहून, मंठ्याहून, भोकरदनहून माणसं पिशवीतून घेऊन येतात, कारण घरच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नाही आणि जुना प्लेअर केव्हाच भंगारात गेला. तक्रार एकाच वाक्यात असते, “भाऊ, सीडी कॉपी होईना.” त्या एका वाक्यामागे निदान सात-आठ वेगवेगळे आजार असतात, आणि औषध प्रत्येकाचं निराळं. ‘करप्ट झाली’ म्हणून परत पाठवणं सगळ्यात सोपं, म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच होतं.

लग्नाच्या व्हीसीडीचंच घ्या. अंबड तालुक्यातल्या एका बाईंनी आईच्या आठवणीसाठी भावाच्या लग्नाच्या सीडी आणल्या. आई त्यात चालती-बोलती आहे, एवढंच त्यांना हवं होतं. पहिली सीडी सरळ उतरली. शेवटची नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊन अडकली, ड्राइव्ह घरघरला आणि विंडोजनं ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’ नावाचा दगड फेकला. आता हे नव्वद टक्क्यांवरच का? सीडी मधल्या भोकाजवळून सुरू होते आणि गोल गोल फिरत काठाकडे वाचली जाते. त्यामुळे हळद, सीमंतपूजन, मंगलाष्टकं आत, आणि पाठवणी थेट काठावर. माणूस सीडी धरतो ती काठाला. बोटांचा तेलकटपणा, पिशवीतलं घासणं, पाकिटात सरकवताना पडणारे ओरखडे, सगळं आधी काठालाच लागतं. आमच्याकडे येणाऱ्या लग्नांमध्ये नवरी घरातून निघतच नाही, त्याचं कारण हे.

व्हीसीडीचं आणखी एक दुखणं आहे. बाई म्हणाल्या, “शेजाऱ्यांच्या प्लेअरवर चालते की हो, तुमच्याच कॉम्प्युटरला काय झालं?” प्रश्न अगदी रास्त. फाईलींच्या साध्या सीडीवर प्रत्येक कप्प्यात २,०४८ बाइट माहिती असते आणि तिच्या जोडीला चूक ओळखून दुरुस्त करायचं गणित. व्हीसीडी ठरवणाऱ्यांनी त्याच कप्प्यात २,३२४ बाइट चित्र बसवलं आणि त्यासाठी दुरुस्तीच्या एका थराला कात्री लावली. चित्रात एखादा चौकोन चुकला तर डोळा माफ करतो, प्लेअरही पुढे सरकतो. विंडोजला फाईलची कॉपी करायला सांगितली की ते एकेका बाइटचा हिशोब मागतं आणि एका कप्प्यावर अडलं की आख्खी फाईल टाकून देतं. म्हणून व्हीसीडीतली ती मोठी ‘डॅट’ फाईल माऊसनं ओढून टाकण्याचा नाद सोडावा. व्हीसीडी वाचू शकणारा एखादा प्रोग्रॅम घ्यावा, जो वाईट कप्पा ओलांडून पुढे जातो, आणि चित्र साध्या एमपीईजीमध्ये उतरवून घ्यावं. पाठवणीत दोन-चार ठिकाणी चौकोन फुटतील. आई दिसेल.

पहिला उपाय मात्र त्याहून साधा आहे आणि तो फार कमी लोक करतात, तो म्हणजे दुसऱ्या ड्राइव्हमध्ये सीडी घालून बघणं. एका ड्राइव्हनं नाकारलेली सीडी दुसरा निमूट वाचतो, कारण प्रत्येकाची लेझरची ताकद, घासलेली भिंगं, फिरण्याचा डौल वेगळा असतो. माझ्याकडे एक जुना दणकट ड्राइव्ह आहे, नव्या पातळ बाहेरच्या ड्राइव्हनं हात टेकले की त्याची आठवण होते. या पातळ ड्राइव्हांचं निम्मं दुखणं तर विजेचं असतं. डेस्कटॉपच्या पुढच्या यूएसबीला लावला की ड्राइव्ह टिकटिक करतो, खिडकीतून नाहीसा होतो, परत येतो. लोक सीडीला दोष देतात. मागच्या बाजूच्या पोर्टला थेट लावा, दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं.

मग पुसणं. सदऱ्याच्या टोकानं गोल गोल पुसणारी माणसं बघितली की मला हात धरावासा वाटतो. माहिती गोल रेषेतच लिहिलेली असते. गोल पुसलं आणि ओरखडा पडला तर तो त्या रेषेच्या लांबीवर पडतो, आणि लांबट सलग खड्डा भरून काढणं दुरुस्तीच्या गणिताच्या आवाक्याबाहेर जातं. मऊ सुती कापड, लागलं तर थोडं स्वच्छ पाणी, आणि भोकापासून काठाकडे सरळ. टूथपेस्टचा उपाय गावोगाव पोचला आहे. तो घरी करून आलेल्या सीडी मी ओळखतो, त्यांना पुदिन्याचा वास येतो. खालच्या प्लॅस्टिकवरचा एखादा ओरखडा त्यानं बुजतही असेल, पण नवे बारीक ओरखडे शंभर पडतात.

आणि खालची चकचकीत बाजू जपून वरच्या बाजूवर बॉलपेननं नाव लिहिणारे? सीडीचं प्लॅस्टिक १.२ मिलिमीटर जाड असतं आणि लेझर त्यातून आरपार बघतो. माहितीचा थर आणि आरशाचा मुलामा हे दोन्ही वरच्या, नाव लिहायच्या बाजूला, लाखेसारख्या एका पातळ थराखाली असतात. म्हणजे खालून पडलेला ओरखडा प्लॅस्टिकवर पडतो, वरून पडलेला थेट माहितीवर. डीव्हीडीत थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिला हे भय कमी, पण ती वाकवली तर सांधा सुटतो. वर चिकटवलेलं कागदी लेबल एका कोपऱ्यात सुटलं की चकती जोरात फिरताना डगमगते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो. त्यात पत्र्याच्या खोलीत टीव्हीच्या मागे ठेवलेली, घरी लिहिलेली सीडी म्हणजे रंगाच्या थरावर भरवसा ठेवून बसणं. तो थर उन्हानं आणि उष्णतेनं फिकट होतो. कंपनीत छापून आलेल्या सिनेमाच्या सीडीला असा रंगाचा थर नसतो, तिच्यात खड्डे ठशानं उमटवलेले असतात. म्हणून जुनी सिनेमाची सीडी चालते आणि त्याच डब्यातली बारशाची चालत नाही.

सीडी स्वस्त झाली तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. नोएडाची मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक होती. तिनं २००७ च्या सुमारास सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या तेव्हा पायरसीवाल्यांचंही धाबं दणाणलं. कोरी सीडी तर चिल्लरीत मिळायची. तेव्हा आम्ही दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या घाईपायी ५२ च्या वेगानं सीडी लिहिल्या, गावागावांत वाटल्या. २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. सोनीनं फ्लॉपी २०११ मध्येच थांबवली होती, लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादनही २०२५ मध्ये बंद केलं. वाचणारी यंत्रं अजून मिळतात, दोन-अडीच हजारांत. किती वर्षं मिळतील ते कारखानदार ठरवणार, आपण नाही.

काही वेळा सीडीत काही बिघडलेलंच नसतं आणि तरी कॉपी फसते. एका भजनी मंडळाचे बुवा पेन ड्राइव्ह घेऊन आले. “सगळी भजनं उतरवली, पण एकही वाजेना.” पेन ड्राइव्हवर चौदा-पंधरा फाईली, प्रत्येकी ४४ बाइटची, शेवटी ‘सीडीए’. गाण्याच्या सीडीवर फाईली नसतातच, नुसता आवाज असतो. विंडोज सोयीसाठी तिथे पाट्या दाखवतं, अमुक गाणं इथून सुरू होतं एवढंच सांगणाऱ्या. बुवांनी पाट्या उचलून आणल्या, गाणी सीडीवरच राहिली. अशी सीडी ‘रिप’ करावी लागते, म्हणजे आवाज वाचून त्याची एमपीथ्री किंवा वेव्ह फाईल बनवावी लागते. बुवांचं काम अर्ध्या तासात झालं, आणि एक अभंग मला ऐकावाही लागला.

तीन इंची छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारे हँडीकॅम आठवतात? त्या डीव्हीडी ‘फायनलाइज’ करायच्या राहिल्या असतील तर कॉम्प्युटर त्यांना कोरी समजतो आणि फॉरमॅट करू का, म्हणून विचारतो. इथे ‘हो’ म्हणणारा माणूस मुलाचा पहिला वाढदिवस गमावून बसतो. तोच कॅमेरा, निदान त्याच कंपनीचा, शोधावा आणि त्यातूनच डीव्हीडी बंद करून घ्यावी. आणि सगळं नीट वाचलं जाऊनही पेन ड्राइव्हवर जाईना, ‘फाईल फार मोठी आहे’ असा निरोप आला, तर तो दोष पेन ड्राइव्हच्या फॅट-३२ रचनेचा. चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल तिथे मावत नाही, जागा बत्तीस जीबी रिकामी असली तरी.

खरोखर जखमी सीडीसाठी माझी पद्धत ठरलेली आहे. फाईली ओढत बसायचं नाही. आधी आख्ख्या सीडीची प्रतिमा, म्हणजे ‘आयएसओ’, काढून घ्यायची आणि मग जे करायचं ते त्या प्रतिमेवर. लिनक्सवर ‘डीडीरेस्क्यू’ नावाचं मोफत अवजार आहे. ते कापसाच्या वेचणीसारखं काम करतं. पहिल्या फेरीत फुटलेली बोंडं वेचून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत त्या जागांकडे परत येतं. विंडोजची कॉपी उलट करते, पहिल्याच कच्च्या बोंडापाशी हटून बसते. बरं, पुन्हा पुन्हा तीच कॉपी मारत राहण्यात ड्राइव्हचंही नुकसान आहे. जुन्या एक्सपीत तर अशा चुका साचल्या की विंडोज त्या ड्राइव्हचा वेग आपण होऊनच उतरवून टाकायचं, आणि मग चांगली सीडीही गोगलगायीच्या चालीनं वाचली जायची. कार्यालयांत अजून असे पीसी आहेत, धुळीखाली.

डीटीपीवाला आहे म्हणून एक वेगळं दुःखही सांगतो. शाळांच्या, संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांच्या सीडी येतात. सीडी ठणठणीत, फाईल पूर्ण उतरते, आणि उघडली की पानभर चिन्हांचा चिवडा. मजकूर पेजमेकरमध्ये, अक्षरं श्रीलिपीची किंवा कृतिदेवची, युनिकोड यायच्या आधीची. तो फॉन्ट नसेल तर मुख्याध्यापकांचं मनोगत वाचायला ज्योतिषी लागेल. त्या काळात सीडीवर शेजारी एक पीडीएफ टाकून ठेवणाऱ्या ऑपरेटरांचा मी आजही ऋणी आहे. अशा संस्थांना माझं सांगणं आहे की जुना फॉन्ट आणि पेजमेकर चालवणारा एखादा माणूस तुमच्या गावात अजून दुकान उघडतो आहे तोवर ते काम करून घ्या.

घरच्या सीडीपर्यंत हे सगळं खासगी दुःख आहे. सरकारी फायलीतल्या सीडीचं तसं नाही. एका गावातले लोक एका योजनेच्या कामाची चौकशी लावून बसले होते. बिलासोबत कामाचे फोटो सीडीवर जोडलेले आहेत, असं कागदावर लिहिलेलं. ती सीडी माझ्या टेबलावर आली तेव्हा फायलीच्या टॅगच्या नाडीनं आवळून किंचित वाकलेली होती, पाकिटावर लाखेचं सील बरोबर मधोमध. वाकलेली असूनही वाचली गेली. आत चाळीसेक फाईली, प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण, प्रत्येकी एक केबी. शॉर्टकट. ज्यानं सीडी लिहिली त्यानं डेस्कटॉपवरून फोटो उचलले म्हणून समजलं आणि नुसते पत्ते उचलले. फोटो त्या कॉम्प्युटरवरच राहिले, आणि तो कॉम्प्युटर मधल्या काळात लिलावात गेला. लिहून झाल्यावर ती सीडी दुसऱ्या एखाद्या यंत्रात घालून एक फोटो उघडून बघितला असता तर एका मिनिटात कळलं असतं. ती फाईल बऱ्याच टेबलांवरून फिरली होती, सीडी जोडली असल्याच्या शेऱ्यासह. काम झालं होतं की नव्हतं, ते मला माहीत नाही. गावकऱ्यांनाही ते आता कधी कळायचं नाही, आणि काम चोख केलं असेल तर त्या ठेकेदारालाही ते सिद्ध करता यायचं नाही.

म्हणून मला खोतकर-गोरंट्याल निकालातला प्रमाणपत्राचा आग्रह कोर्टाचा कीस वाटत नाही. लोक म्हणतात, सीडी समोर आहे, दिसतंय त्यात, मग कागद कशाला? कागद यासाठी की सीडी ही नक्कल आहे आणि नक्कल करताना काय काय राहतं ते मी रोज बघतो. निकालात एक गोष्ट स्पष्ट केलेली आहे. मूळ लॅपटॉप किंवा फोन त्याचा मालकच साक्षीदार म्हणून कोर्टात घेऊन आला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. गरज आहे ती मूळ वस्तू सोडून उतरवलेली प्रत दाखवताना. इतकं व्यवहारी कलम आमच्या धंद्यातल्या माणसानंही लिहिलं नसतं.

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र कायम आहे, उलट जास्त कडक झालं आहे. दोन भागांचा नमुनाच दिला आहे. एका भागावर यंत्राचा ताबा असणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. आणि दोन्हीकडे फाईलचा ‘हॅश’ लिहायचा रकाना. हॅश म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बाइटचा हिशोब करून निघणारा आकडा-अक्षरांचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीनं काढला तर ६४ अक्षरांचा. फाईलमध्ये एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी आख्खा ठसा बदलतो. सीडीवरच्या फाईलचा ठसा आणि हार्ड डिस्कवर उतरलेल्या फाईलचा ठसा तंतोतंत जुळला, तर ती फाईल जशीच्या तशी उतरली. यासाठी काही विकतही घ्यावं लागत नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आधीपासून आहे, एका ओळीत काम होतं. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं आहे. म्हणजे चित्रीकरणाचा ढीग तालुक्यातालुक्यांत वाढत जाणार, कॉपी करणारे हातही वाढणार. त्या हातांना हॅश कसा काढायचा हे कोणी शिकवलं आहे का? मला विचारायला येणाऱ्यांमध्ये वकिलांचे कारकून असतात. कार्यालयांतून कुणी आल्याचं मला आठवत नाही.

यावर मला ठराविक उत्तर मिळतं, “आता सगळं सर्व्हरवर आहे, सीडीचं काय घेऊन बसलात?” नवं सर्व्हरवर आहे हे खरं. पण साधारण २००० ते २०१५ या काळातलं काय? त्या दीड दशकात चित्रीकरण, नकाशे, फोटो, निवडणुकीचं रेकॉर्ड, कामांचे पुरावे हे सगळं सीडीवरच टाकलं गेलं आणि फायलींना टाचलं गेलं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात तर माहिती डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट अशा रूपात मागायचा हक्क नावानिशी लिहून ठेवलेला आहे. फ्लॉपीत माहिती मागून बघा एकदा, जनमाहिती अधिकाऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा होईल. हक्क कायद्यात आहे, यंत्र कार्यालयात नाही, आणि सीडीच्या बाबतीतही आपण त्याच वाटेनं चाललो आहोत.

दुसरं उत्तर पैशांचं. ते मला पटत नाही. आठ तालुक्यांचा हा जिल्हा. प्रत्येक तहसील आणि पंचायत समितीच्या अभिलेख कक्षात एक बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या दोन हार्ड डिस्क आणि एक नोंदवही. एका साध्या एसीच्या किमतीत हे होतं. नोंदवहीत सीडीचा क्रमांक, ती कोणत्या फायलीतली, किती फाईली निघाल्या, किती वाचल्या गेल्या नाहीत, हॅश, तारीख आणि सही. जे वाचलं गेलं नाही तेही प्रामाणिकपणे लिहायचं, कारण उद्या कोर्टात ‘ही फाईल अमुक तारखेलाच वाचता येत नव्हती’ एवढी नोंदसुद्धा कामाला येते. सही मात्र नावानं आणि हुद्द्यानं असावी. ‘करिता’ म्हणून मारलेली तिरकी रेघ चालणार नाही. काम दोन माणसांचं आहे. आयटीआयची, पॉलिटेक्निकची मुलं उमेदवारीवर घेतली तरी होईल, देखरेखीला एक जबाबदार कर्मचारी हवा. आपले सरकार सेवा केंद्रांतूनही सीडी उतरवून द्यायची सोय ठेवता येईल, दर ठरवून. माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल. मंठ्याच्या माणसानं एका लग्नाच्या सीडीसाठी एसटीनं जालन्याला यावं, हे काही मला भूषणाचं वाटत नाही.

ज्यांच्या घरी डबा भरून सीडी आहेत त्यांनी या उन्हाळ्याच्या आत बसावं. छापलेल्या सिनेमांना घाई नाही, घरी किंवा दुकानात लिहिलेल्या आधी, त्यातही सगळ्यात जुन्या आणि वर कागद चिकटवलेल्या सगळ्यांत आधी. उतरवून झालं की फाईल शेवटापर्यंत चालवून बघावी, काठाचा भाग तोच असतो. पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवून सीडी फेकू नये.

कार्यालयांसाठी वेळापत्रक सोपं आहे. मार्चअखेरीला खरेदीची घाई उडते, खुर्च्या आणि प्रिंटर येतात. त्या यादीत डीव्हीडी ड्राइव्ह घालता येतो. घालण्याआधी अभिलेख कक्षातलं एक पाकीट फोडून त्यातली सीडी कोणत्याही चालू यंत्रात टाकून बघावी, म्हणजे यादीत आणखी काय लागेल तेही कळेल.